प्रश्न क्रमांक चौदा

उज्ज्वला खराडे यांचं तोंड दीड बोट उघडायचं. आमच्याकडे तोंड असंच मोजतात. रुग्णाची स्वतःची बोटं एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घालायची. धडधाकट माणसाची तीन मावतात. मोजायला यंत्र आहे, प्रकाशाची पट्टी पाडून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत सांगणारं, पण तपासणीच्या खोलीत डॉक्टर अजूनही आधी "बोटं घाला" असंच म्हणतात. दीड बोटात चमचा कसाबसा जातो. भाकरीचा घास जात नाही, आणि जांभई आली की डोळ्यांत पाणी येतं.

मी मिरजेतल्या एका कर्करोग संस्थेत पेशीशास्त्रज्ञ आहे. आडनाव हुदलीकर. गोष्ट २०४१ सालची. माझं काम माणसांशी कमी आणि काचेच्या बशीतल्या पेशींशी जास्त, आणि ते मला मानवतं, कारण पेशी सोबत नातेवाईक घेऊन येत नाहीत. दुर्दैवानं आम्ही जो उपचार करतो त्यात पेशीच नातेवाइकांच्या लागतात. त्यामुळे तेवढीही सोय राहिली नाही.

उज्ज्वलाबाई चोपन्न वर्षांच्या होत्या. तासगावजवळ एका बेदाण्याच्या शेडवर त्या तीस बायकांच्या मुकादम होत्या. माल वाळला की नाही हे त्या एक बेदाणा दाताखाली धरून सांगत, आणि आर्द्रतामापक यंत्र आल्यावरही मालक आधी त्यांच्याकडे बघत. साडेतीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गालात कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, मग किरणोपचाराच्या तेहतीस बैठका. रोग गेला. दर सहा महिन्यांनी तपासणीत तो गेलेलाच दिसत होता, आणि डॉक्टर त्यांचं अभिनंदन करत होते. त्या मान हलवत, कारण बोलायला तोंड नीट उघडत नव्हतं.

हे का होतं ते थोडक्यात सांगते. किरण कर्कपेशी मारतात, पण शेजारच्या चांगल्या पेशीही भाजून निघतात. बाहेरची कातडी काळवंडते, सोलते आणि दोनेक महिन्यांत भरून येते. लोकांना वाटतं, सुटलो. खरा घोटाळा आत चाललेला असतो. आपल्या शरीरात तंतुपेशी नावाच्या पेशी असतात. जखम झाली की त्या तिथं धागे विणतात आणि जखम भरली की थांबतात. किरणांनी त्यांचं थांबण्याचं भान जातं. जखम अजून उघडी आहे अशा समजुतीनं त्या वर्षानुवर्षं विणतच राहतात. गाल चामड्यासारखा घट्ट होतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, जबडा आखडतो, लाळेच्या ग्रंथी सुकतात. लाळ नसली की चव नाही, कारण विरघळलेलाच पदार्थ जिभेला कळतो. उज्ज्वलाबाईंच्या तोंडात बेदाणा आणि खडा यांत फरक उरला नव्हता.

आमचा उपचार म्हणजे एक पडदा. निरोगी माणसाच्या गालातून आतला हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा घ्यायचा, त्याच्या पेशी बशीत वाढवायच्या आणि त्यांचा पातळ पडदा रुग्णाच्या गालात आतून बसवायचा. त्या पेशी सूक्ष्म पुड्या सोडतात. पुड्यांमध्ये निरोप असतो की जखम भरली आहे, आता थांबा. सहा-आठ आठवडे तो ऐकत राहिल्यावर जुन्या पेशी खरंच थांबतात, काही तर आधी विणलेलं उसवायलाही लागतात. आम्ही आपसांत याला शिकवणी म्हणतो. दहापैकी सात रुग्णांचं तोंड अडीच-तीन बोटं उघडतं आणि लाळ परत येते.

शिकवणीला मास्तर मात्र त्याच गावचा लागतो. पेशीला आपला पत्ता पाठ असतो. सुरुवातीच्या काळात आमच्या संचालकांनी मांडीच्या पेशी गालात बसवून पाहिल्या. एका निवृत्त तलाठ्यांच्या गालात आतून केस उगवले. ते दर महिन्याला केस कापून घ्यायला यायचे आणि जाताना संचालकांचा उद्धार करून जायचे. तेव्हापासून गालाला गालाच्याच पेशी, आणि त्याही सख्ख्या भावंडाच्या, म्हणजे शरीर त्यांना परकं समजत नाही. उज्ज्वलाबाईंचा स्वतःचा उजवा गाल उपयोगाचा नव्हता, कारण किरण दोन्हीकडून दिले होते.

पेशीला पत्त्याबरोबर अनुभवही पाठ असतो. त्या जागेनं जे सोसलं त्याच्या खुणा गुणसूत्रांवर चिकटून राहतात आणि पेशी तेही शिकवायला लागते. म्हणून दात्यानं दहा वर्षांत तंबाखूला स्पर्श केलेला चालत नाही. त्यासाठी दात्याचा अर्ज आहे, एकतीस प्रश्नांचा. त्यातला चौदावा मी लिहिला होता: 'आपणांस तंबाखूचे कोणतेही व्यसन आहे अथवा होते काय?' तो इतक्या सरकारी मराठीत होता की मला बिनचूक वाटत होता.

*

दाता म्हणून उज्ज्वलाबाईंनी धाकट्या बहिणीला आणलं. निर्मला पोळ, आटपाडीकडे दिलेली, एकोणपन्नास वर्षांची. दोघी माझ्यासमोर बसल्या. थोरली ताठ आणि गप्प, धाकटी घडाघडा बोलणारी.

"आक्काला कधी लावणार पडदा?" निर्मलाबाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

"आधी तुमची माहिती घेऊ."

"घ्या की. माझं काय लपवायचं हाय? रक्त घ्या, गाल घ्या, काय पायजे ते घ्या."

मी एकेक प्रश्न वाचत गेले. मधुमेह नाही. कावीळ लहानपणी. बाळंतपणं दोन. चौदाव्या प्रश्नाला त्या हसल्या.

"तंबाकू? छ्या! आमच्यात बाया तंबाकू खात न्हाईत ओ. मालकांनी एकदा पुडी आणली हुती, ती मी परसात फेकली."

त्यांच्या दातांच्या कडा काळसर होत्या. मला ते दिसलं. त्या भागातल्या बोअरच्या पाण्यानं दात खराब होतात हे मी कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं माणसाच्या डोळ्यांना बरोबर आडवं येतं. मी 'नाही' वर खूण केली.

अर्जावर साक्षीदाराची सही लागते. 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.' मी कागद उज्ज्वलाबाईंपुढे सरकवला. त्यांनी तो पूर्ण वाचला. लोक सहसा वाचत नाहीत, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. मग त्यांनी सही केली.

"चहा घिऊया का, आक्का?" बाहेर जाताना निर्मलाबाई म्हणाल्या. "तुला गार करून देते."

*

पेशी झकास वाढल्या. माझे सहकारी अर्शद मुजावर रोज सकाळी बशीत डोकावत आणि खूश होत. इतर दात्यांच्या पेशींना पडदा व्हायला सव्वीस दिवस लागतात. यांना सोळा लागले.

"मॅडम, आटपाडीचं पाणी मानलं पाहिजे," मुजावर म्हणाले.

मी मात्र खूश नव्हते. पंधरा वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी शिकले आहे. पेशी शहाण्या असतील तर बेतानं वाढतात. मी खुणांची तपासणी लावायला सांगितली. अर्जावर 'नाही' असलं की एरवी ती करत नाहीत.

अहवाल दुसऱ्या दिवशी आला. तंबाखू. रोजची, वीस वर्षांहून जास्त, आणि अजूनही चालू. त्याशिवाय कर्करोगाच्या वाटेवरच्या पाच बदलांपैकी चार झालेले. हा पडदा उज्ज्वलाबाईंच्या गालात बसला असता तर त्यानं तिथल्या पेशींना तोच रोग पुन्हा शिकवला असता. तो आम्ही नष्ट केला. तो नियमच आहे आणि त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

विचार करण्यासारखं होतं ते निर्मलाबाईंचं. मी त्यांना बोलावून घेतलं. त्या दुपारी आल्या, एकट्याच, हातात डाळिंबांची पिशवी.

"तंबाखू खाता का, असं मी विचारलं होतं," मी म्हटलं.

"मग? न्हाई खात."

"दात कशानं घासता?"

"मिशेरीनं," त्या सहज म्हणाल्या. "सगळ्याच घासतात."

"मिशेरी कशाची असते?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मुद्दाम वाकड्यात शिरते आहे असं त्यांना वाटलं असावं. "आता दुकानात मिळत न्हाई, बंदी आल्यापास्नं. पानं आणून तव्यावर करपवायची, चुरायची. पर ते व्यसन न्हाई ओ मॅडम. दात घासायचं हाय ते. सकाळी, दुपारी, जेवल्यावर. न्हाई लावली तर डोकं चढतं."

माझी आजी बेळगावकडची. ओसरीच्या कोपऱ्यात पत्र्याची डबी घेऊन ती तासतास मिशेरी लावत बसायची, आणि तोंडात बोट असतानाच शेजारच्या तंबाखू खाणाऱ्या गड्याला नावं ठेवायची. मी अठरा वर्षं ते रोज पाहिलं होतं. तरीही प्रश्न चौदा लिहिताना ती मला आठवली नाही. संस्थेतल्या ज्या सहा विद्वानांनी तो तपासला त्यांनाही आपापल्या आज्या आठवल्या नाहीत.

डॉक्टरांनी निर्मलाबाईंचं तोंड पाहिलं. डाव्या गालात आत, मागच्या दाढेजवळ, शेंगदाण्याएवढा पांढरा चट्टा होता.

*

पुढचं सगळं आठ दिवसांत ठरलं. चट्टा मोठा घेर धरून कापायला हवा होता आणि कापतानाच त्या जागी थोडे किरणही द्यावे लागणार होते. जीव वाचणार यात शंका नव्हती. पण किरण दिले की गाल आखडणार, आणि धाकट्या बहिणीचं तोंडही दीड बोटावर येणार. ते टाळायचं तर जखमेवर लगेच निरोगी पेशींचा पडदा बसवायला हवा होता.

निर्मलाबाईंच्या तोंडात आम्ही नऊ जागा तपासल्या. आठ खराब निघाल्या. उजवीकडे, वरच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, जिथं मिशेरीचं बोट पोचत नाही, तिथं एवढीशी स्वच्छ जागा सापडली. पेशी ठरावीक वेळाच दुभंगते आणि मग थकते. त्या तुकड्यातून एकच पडदा होणार होता.

तो कोणाचा? आमच्या कायद्याप्रमाणे अर्जासोबतच्या संमतीपत्रावर सही झाली की त्या दात्याच्या पेशी, पुन्हा घेतल्या तरी, ज्याच्या नावावर दिल्या त्याच्या होतात. मुलगी दिल्यावर तिच्यावर माहेरचा हक्क राहत नाही असं पूर्वी मानायचे, तसला प्रकार. म्हणजे पडदा उज्ज्वलाबाईंचा. त्या नको म्हणू शकत होत्या, पण मग तो स्वतःसाठी घ्यायला निर्मलाबाईंची सही लागली असती. आणि निर्मलाबाई सही करायला तयार नव्हत्या.

"आक्काला लावा," त्या म्हणाल्या. "तिनं तीन वर्सं पातळ पिऊन काढलीत. माझं बघू मागनं."

"मागनं बघता येणार नाही," डॉक्टरांनी समजावलं. "पडदा त्याच वेळी बसायला हवा."

"मग न्हाई बसला तर न्हाई. मीबी पिईन पातळ. दोघी मिळून पिऊ."

त्या हसत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांना तीन वेळा समजावलं. चौथ्या वेळी त्यांनी मला डाळिंब सोलून दिलं.

उज्ज्वलाबाईंच्या बाजूनंही वेळ थोडा होता. किरणांनंतर चार वर्षं उलटली की धागे इतके पक्के होतात की कोणतीही शिकवणी चालत नाही. त्यांच्याकडे नऊ महिने उरले होते, आणि दुसरं भावंड नव्हतं.

संचालकांना तिसरा मार्ग माहीत होता, पण तो वापरावा असं त्यांना वाटत नव्हतं. अर्जातली माहिती जाणूनबुजून खोटी दिली होती असं सिद्ध झालं तर संमतीपत्र आपोआप रद्द होतं आणि पेशी दात्याकडे परत जातात. दात्याची सही लागत नाही. मात्र खोटी सही करणाऱ्यांना पाच वर्षं या उपचाराची दारं बंद. निर्मलाबाईंना त्यानं फरक पडला नसता, त्यांना स्वतःच्या पेशींसाठी परवानगी लागत नव्हती. उज्ज्वलाबाईंना मात्र पाच वर्षं म्हणजे कायमचंच.

"पण त्यांनी खोटं कुठं सांगितलं?" संचालक मला म्हणाले. "प्रश्नच तुम्ही तसा विचारलात."

*

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला उज्ज्वलाबाई माझ्या खोलीत आल्या. बहीण तुकडा देण्यासाठी वॉर्डात दाखल झाली होती. त्यांनी पाठीमागे दार लावलं.

"मला ती सही परत घ्यायची हाय," त्या म्हणाल्या. त्यांचं बोलणं दातांमधून यायचं, सवय नसेल तर निम्मं कळायचं नाही. मला सवय झाली होती.

"कोणती सही?"

"साक्षीची. खोटी केली म्हणून लिवा. मग पडदा निमीला जातुया ना? वॉर्डातल्या शिस्टरनं सांगितलं."

सिस्टरांशी नंतर बोलायला हवं, असं मी मनात टिपून ठेवलं. मग त्यांना खुर्ची दिली आणि नियम समजावला. पाच वर्षं. चार वर्षांनंतर उपयोग नाही. म्हणजे त्यांना पुढं कधीच भाकरी खाता येणार नाही, कधीच चव कळणार नाही. मी हे शांतपणे सांगितलं. शांतपणे सांगणं हे माझ्या अंगवळणी पडलं आहे.

"आणि मुळात," मी म्हटलं, "तुमची सही खोटी ठरत नाही. प्रश्न व्यसनाचा होता. मिशेरीला तुमच्याकडे कुणी व्यसन म्हणत नाही, हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. चूक माझी आहे. संस्थेची समिती तुमच्या बाजूनं निकाल देईल. पडदा तुमचाच राहील."

त्यांनी पदरानं ओठांच्या कडा टिपल्या. लाळ नसली तरी ती सवय राहते.

"तुमी चांगल्या हायसा," त्या म्हणाल्या. "पर मला परश्न कळला हुता."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"माझा गाल गेला तवाच डाक्टर म्हणलं हुतं, मिशेरी म्हंजे तंबाकूच. मी त्या दिवशी सोडली. निमीला म्हणलं तूबी सोड, ती म्हणली सोडते. न्हाई सोडली. मला म्हाईत हुतं. तुमी परश्न वाचला, तिनं न्हाई म्हणलं, तिला खरंच तसं वाटलं. मला वाटलं न्हाई. मी कागद वाचला आन सही केली."

"पेशींना त्यानं काय होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं."

"न्हवतं. मला वाटलं दवाखान्याचं लोक उगीच तंबाकूच्या मागं लागल्यात. एक घास खायाचा हुता मला, मॅडम. तीन वर्सं झाली. शेडवर बाया जेवाय बसल्या की मी उठून पलीकडं जाती."

मला त्यांची दया आली. मी लिहायला कागद काढला नाही. काढला नाही तर विषय इथंच थांबेल अशी माझी समजूत होती.

"अजून एक हाय," त्या म्हणाल्या. "गेल्या गौरीला निमी आली हुती. मी चटणी केलती, शेंगाची. तिनं खाल्ली न्हाई. म्हणली, गालात जळजळतंय, तिखट सोसत न्हाई." त्यांनी स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावलं. "माझंबी तसंच सुरू झालं हुतं. अगदी तसंच, त्याच बाजूला. मला त्याच वक्ताला कळलं, हिला काय झालंय."

"गौरी म्हणजे आठ महिने झाले."

"व्हय. तवाच तुमची चिठ्ठी आली हुती, बहीण असंल तर घिऊन या म्हणून. मी तिला डाक्टरकडं नेली असती तर ती पेशंट झाली असती. मग मला कोण देणार हुतं? म्हणलं, आदी तुकडा घिऊ द्या. मग नेते. दोन म्हैन्यांचं तर काम हाय. मग तुमची तारीख पुढं गेली, मग अजून पुढं." त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. "आठ म्हैनं मी रोज तिला फोनवर इचारत हुते, कशी हायस. ती म्हणायची, बरी हाय. मी म्हणायची, बरं."

मी कागद काढला. संमतीपत्र रद्द करण्याचा नमुना एक पानी आहे. साक्षीदाराचं नाव, कोणत्या प्रश्नाची माहिती खोटी, ती खोटी असल्याचं सही करताना माहीत होतं का. मी भरत गेले. त्या प्रत्येक ओळ वाचून मान डोलवत होत्या.

"जळजळीचं कुठं लिवलं?"

"त्याला रकाना नाही," मी म्हटलं. "त्याची गरजही नाही. एवढ्यावर पडदा निर्मलाबाईंना मिळतो."

"मागं लिवा."

"उज्ज्वलाबाई, हा कागद दात्याला वाचायला द्यावा लागतो. त्या वाचतील."

"तेच म्हणतीया मी. मागं लिवा."

मी कागद उलटा केला आणि त्या सांगत होत्या ते लिहिलं. चार ओळी झाल्या. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि शेडवर माल यायचाय असं सांगून गेल्या.

*

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. पडदा बसला. या वेळी पेशी सव्वीस दिवसांत, बेतानं वाढल्या होत्या. तेवढे दिवस चट्टा थांबला हे निर्मलाबाईंचं नशीब. माझ्या कामाचं म्हणाल तर प्रश्न चौदा आता सात ओळींचा आहे आणि त्यात मिशेरी, तपकीर, गुडाखू, दात काळे का आहेत, तुमच्या सासूबाई दात कशानं घासतात, सगळं आहे. आधीच्या तीन वर्षांतल्या दात्यांना आम्ही पुन्हा बोलावलं. एकशे बारा बायकांपैकी एकेचाळीस जणींनी मिशेरी लावत असल्याचं सांगितलं. सगळ्यांच्या अर्जावर 'नाही' होतं. त्यातल्या ज्या सहा जणींच्या पेशींत बदल सापडले त्यांच्या पडद्यांवर आता आमची बारीक नजर आहे. वर्तमानपत्रांनी पेशींना दोष दिला. पेशींनी काही लपवलं नव्हतं.

रद्द झालेल्या संमतीपत्राची प्रत दात्याला दाखवावीच लागते. डॉक्टर म्हणाले, टाके सुटेपर्यंत थांबा. मी दहाव्या दिवशी वॉर्डात गेले. निर्मलाबाई खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. पडदा धरेपर्यंत बोलायला मनाई असते, त्यामुळे त्या हातवारे करून शेजारणीला काहीतरी हसवत होत्या. पडदा आपल्या गालात बसवला हे त्यांना शुद्धीवर आल्यावरच कळलं होतं, आणि का, ते विचारायला तोंड बंद होतं. दोन दिवस त्या डॉक्टरांकडे बघून नुसत्या डोळे वटारत होत्या, असं सिस्टर म्हणाल्या.

उज्ज्वलाबाई बाहेर बाकावर होत्या. दहा दिवस त्या रोज सकाळी एस.टी.नं येऊन तिथं बसत होत्या. आत एकदाही आल्या नव्हत्या.

मी कागद निर्मलाबाईंच्या हातात दिला. त्यांनी पुढची बाजू वाचली. ओळीखाली बोट धरून, सावकाश. शेवटी त्यांनी नुसती मान हलवली, आक्काचं हे असंच असतं अशा अर्थी, आणि कागद मला परत द्यायला लागल्या. मला तो घेऊन निघता आलं असतं. कायद्यानं मागची बाजू दाखवणं माझ्यावर बंधनकारक नव्हतं, कारण तिला रकानाच नव्हता. पण सांगणारीनं ती बहिणीसाठीच लिहवून घेतली होती.

"मागेही आहे," मी म्हटलं.

त्यांनी कागद उलटा केला. वाचला. पुन्हा वरून वाचला. त्यांचा चेहरा हलला नाही, पण गालावर पट्टी होती, त्यामुळे तो हलला असता तरी मला कळलं नसतं. मग त्यांनी हात पुढं केला. मी माझं पेन दिलं.

त्यांनी आक्काच्या सहीखाली लिहायला घेतलं. त्यांना बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

'मला पण कळलं होतं. आक्काचं सुरू झालं तेव्हा मीच तिच्याजवळ होते, मला काय माहीत नसणार. दवाखान्यात गेले असते तर तुम्ही माझा तुकडा घेतला नसता. म्हणून गेले नाही.'

मला राग आला. दोघींचा आला. एकीनं घेण्यासाठी आणि दुसरीनं देण्यासाठी, आठ महिने रोज फोनवर, कशी आहेस आणि बरी आहे. मग राग गेला आणि नुसतं वाईट वाटलं.

तो कागद फाइलला लावण्यापूर्वी साक्षीदारालाही दाखवावा लागतो का, हे मला नियमात कुठं सापडलं नसतं, म्हणून मी शोधलंही नाही. मी दारापर्यंत गेले आणि बाकावर बसलेल्या उज्ज्वलाबाईंना आत बोलावलं.